शेठचं दान आणि पानाचा दाम

निवडणूक जवळ आली की आपल्या पाड्यांवर एक बोलणं हमखास ऐकायला येतं. पुढाऱ्यांना लोक कंटाळलेत. मग कुणीतरी म्हणतो, "पुढाऱ्यापेक्षा शेठ बरा. त्याच्याकडे आधीच पैसा आहे, तो कशाला खाईल? उलट पदरचे घालील." दुसरा मान डोलावतो. "खरं आहे. देवळाला पत्रे त्यानेच दिले. अडल्या बाईला दवाखान्यात न्यायला रात्री गाडी त्यानेच दिली." बायासुद्धा असं बोलतात, म्हातारी माणसंही बोलतात. संघटनेतली पोरं याला "तुम्ही शेठचे गुलाम" म्हणून उडवून लावतात. आम्हाला ते पटत नाही. ज्याला रात्री अकरा वाजता गाडी मिळाली, त्याला गुलाम म्हणून चालणार नाही. त्याचा प्रश्न खरा आहे, त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. म्हणून हे लिहितोय.

आधी आपल्या मुलखातली गोष्ट. शहापूरची विधानसभेची जागा आदिवासींसाठी राखीव आहे. म्हणजे इथे बिगर-आदिवासी शेठ स्वतः उभा राहू शकत नाही. पण प्रचाराच्या गाड्या कुणाच्या असतात, डिझेल कोण भरतं, जेवणावळीचा किराणा कुठल्या गोदामातून येतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आम्ही इथे कुणा एका आमदाराचं नाव घेत नाही, पक्षाचंही घेत नाही. कोणताही झेंडा असो, पाठीमागचा हात बहुतेक वेळा बाजारपेठेतलाच असतो. आपल्याकडे शेठ आमदार होत नाही, शेठ आमदार करतो. शेजारच्या मुरबाडची जागा खुली आहे, तिथे पैसेवाला माणूस स्वतःही उभा राहू शकतो.

मग व्यापारी खरोखर आमदार झाला, आणि तोही चांगल्यातला चांगला व्यापारी, तर जंगलातल्या माणसाचं काय होतं? हे नुसतं तर्काने सांगण्यापेक्षा एका खऱ्या माणसाचं आयुष्य बघू. तो माणूस आपल्याकडचा नाही, महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाचा, गोंदियाचा. पण त्याचा धंदा जंगलातल्या पानावर उभा होता, म्हणून त्याची गोष्ट आपल्या कामाची आहे. त्याचं नाव मनोहरभाई पटेल.

मनोहरभाईंचा जन्म 9 फेब्रुवारी 1906 चा, गुजरातमधल्या नडियादचा. घरची गरिबी. पोट भरायला गोंदियाला आले आणि तिथल्या बिडीच्या धंद्यात शिरले. गोंदिया तेव्हा लहान गाव, पण रेल्वेचं जंक्शन. आजूबाजूला भंडारा, चांदा, बालाघाटचं जंगल. जंगलात तेंदूचं पान, गुजरातकडून तंबाखू आणि खेड्यापाड्यात कामाला हात. बिडीला लागणारं सगळं तिथे एका ठिकाणी येत होतं. अशा गावात हा माणूस कष्टाने आणि हिशोबाच्या डोक्याने वर चढला आणि मोठा बिडी कारखानदार झाला. पुढे काँग्रेसमध्ये आले, गोंदियाचे आमदार झाले.

त्यांनी केलेलं काम मोठं आहे, ते कबूल केलं पाहिजे. 1958 साली त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली. ज्या खेड्यांत चौथीच्या पुढे शाळा नव्हती, तिथे हायस्कुलं निघाली. गोंदियात कॉलेजं झाली. भागात धरणं आणि कालवे यावेत म्हणून त्यांनी खटपट केली असं तिकडची माणसं आजही सांगतात. 1970 साली ते वारले. अजूनही दरवर्षी 9 फेब्रुवारीला गोंदियात त्यांची जयंती होते, मोठमोठे पाहुणे येतात, हुशार मुलांना सुवर्णपदकं देतात. त्यांचा मुलगा प्रफुल्ल पटेल 1991 साली खासदार झाला, पुढे केंद्रात विमान खात्याचा मंत्री झाला. एका बिडीवाल्याच्या घरातून इतकं निघालं.

आम्ही स्वतः बारावीपर्यंत आलो ते आश्रमशाळेतून. शाळा नसली तर काय होतं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. कातकरी पोरं वीटभट्टीवर जातात आणि शाळेच्या हजेरीपटातून नाव जातं, हे आपण दर दिवाळीनंतर बघतो. त्यामुळे ज्याने शाळा काढली त्याला आम्ही कमी लेखत नाही. त्यांनी कुणाला लुबाडलं असंही आम्ही म्हणत नाही. आमचं बोलणं एका माणसाच्या चांगुलपणाबद्दल नाही, पद्धतीबद्दल आहे.

आता तीच गोष्ट पानाच्या बाजूने बघा.

तेंदू म्हणजे आपली टेंभुर्णी. आपल्याकडे पोरं तिची टेंबरं खातात, तिकडे तिच्या पानावर घरं चालतात. एप्रिल-मे महिन्यात, उन्हाचा कडाका असताना, बाया-माणसं अंधार असतानाच जंगलात शिरतात. ऊन चढायच्या आत पान तोडायचं, ओझं डोक्यावर घेऊन घरी यायचं आणि मग सगळ्या घराने बसून पुडे बांधायचे. म्हातारी, पोरं, सगळी लागतात. महाराष्ट्रात एका पुड्यात 70 पानं धरतात आणि हजार पुड्यांचं एक पोतं. म्हणजे एका पोत्यात 70 हजार पानं, आणि त्यातलं प्रत्येक पान कुणाच्या तरी हाताने तोडलेलं, निवडलेलं, रचलेलं. संध्याकाळी पुडे घेऊन फळीवर जायचं. तिथे मोजणारा बसलेला असतो. पान फाटकं, पान लहान, पुडा कमी, असं म्हणून तो बाजूला काढतो. बाजूला काढलेलं पान बाईला परत मिळत नाही आणि त्याचे पैसेही मिळत नाहीत.

पुढे तेच पान सट्टेदाराकडून बिडी वळणाऱ्या बाईच्या घरी जातं. तिथेही तीच तऱ्हा. हजार बिड्या वळल्या की मोजताना त्यातल्या काही खराब म्हणून छाटायच्या. छाटलेल्या बिडीची मजुरी नाही. बिडी कामगारांसाठी कायदा झाला तो 1966 साली, तोवर हा धंदा कित्येक वर्षं चालला होता.

या सगळ्या साखळीत भाव कोण ठरवत होतं? पान तोडणारी नाही, बिडी वळणारीही नाही. जंगल सरकारचं, पान ठेकेदाराचं आणि भाव व्यापाऱ्याचा. 1969 साली महाराष्ट्र सरकारने वनोपजाच्या व्यापाराचा कायदा केला आणि तेंदूचा व्यापार सरकारच्या हातात घेतला. व्यापाऱ्याची मनमानी थांबावी असं कारण सांगितलं. मग काय झालं? पानाची मालकी व्यापाऱ्याकडून फॉरेस्टकडे गेली. लिलाव फॉरेस्टने केला, रॉयल्टी सरकारच्या तिजोरीत गेली. तोडणारीच्या हातात पहिल्यासारखीच मजुरी. पान तिचं होतं असं कुठल्याच कागदावर आलं नाही. दोन मोठ्यांच्या भांडणात तिचं नाव कुणी घेतलंच नाही.

आता शेठच्या आयुष्याचे आणि तिच्या आयुष्याचे दोन हिशोब शेजारी ठेवा. एकीकडे शाळा, कॉलेज, जयंती, सुवर्णपदक. दुसरीकडे अर्ध्या रात्री जंगल, फळीवरची मोजणी, छाटलेली बिडी. पहिला हिशोब पुस्तकात छापतात, गौरवग्रंथात येतो. दुसरा कुठेच लिहून ठेवलेला नाही. पण पहिल्या हिशोबात जमेला जे आहे ते कुठून आलं? शाळेच्या भिंतीत जी वीट आहे, तिच्यात त्या बाईच्या पानाचा पैसा आहेच. तिच्या पोराला शाळा मिळाली हे चांगलं झालं. पण ती शाळा तिला दान म्हणून मिळाली. खरं तर तिने ती आगाऊ पैसे भरून घेतली होती.

आमचं म्हणणं एवढंच आहे. दान वेगळं आणि दाम वेगळा. दानात देणारा मोठा होतो, घेणारा हात जोडतो. दामात दोघं समोरासमोर उभे असतात. जो व्यापारी आमदार होतो, तो कितीही मनाचा मोठा असला तरी दान वाढवतो. दाम वाढवायचा म्हटलं तर त्याला स्वतःच्याच गल्ल्यात हात घालावा लागतो. असा माणूस लाखात एखादा निघेलही. पण लाखात एकावर आपण पाच वर्षं सोपवायची का?

कुणी म्हणेल, हे गोंदियाचं झालं, आपल्याकडे कुठे बिडीचे कारखाने? बरोबर. पण हिशोब तोच आहे. आपल्या आज्यांना विचारा, पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की खावटी कुणाकडून आणायची? दुकानदाराकडून. फेडायची कशाने? दिवाळीला भाताने, आणि घेतलं त्याच्या दीडपट-दुप्पट मापाने. शेतात भात पोटरीत असतानाच त्याचा सौदा झालेला असायचा. यालाच पालेमोड म्हणतात. सरकारला 1976 साली यावर कायदा करावा लागला, तेव्हापासून एकाधिकार खरेदी आणि खावटी कर्ज या गोष्टी आल्या. त्याच्या आधी 1974 साली आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला. हे कायदे काही कुणाच्या दयेतून आले नाहीत. जमिनी जात होत्या, माणसं वेठीला लागत होती, आणि ठिकठिकाणी आदिवासी उठत होते, म्हणून आले.

आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात 1945 साली वारल्यांनी संप केला, तो कशावर होता? गवतावर. मुंबईच्या तबेल्यांना लागणारं गवत आपल्या माळावरून जायचं. कापणारा वारली, विकणारा जमीनदार आणि व्यापारी. लाल बावट्याखाली श्यामराव आणि गोदावरी परुळेकरांबरोबर वारली उभे राहिले आणि मागणी केली ती एकच, 500 रतल गवत कापायला अडीच रुपये. त्यांनी शाळा मागितली नाही, देवळाला पत्रे मागितले नाहीत, दाम मागितला. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच माणसं गेली. दान मागणाऱ्यावर कुणी गोळी झाडत नाही. दाम मागितला की बंदूक निघते. दोन्हीतला फरक आपल्या मोठ्यांनी तेव्हाच ओळखला होता.

आणि आज? आमच्या आया शिकेकाई, हिरडा, मोहाची फुलं घेऊन बाजारला जातात. काटा दुकानदाराचा, वजन दुकानदाराचं, भावही दुकानदाराचा. एका दुकानात आम्ही स्वतः पाहिलं, घरी मोजून नेलेली पायली तिथे पोचेपर्यंत "कमी" झाली. वाद घातला तर म्हणतो, "नको असेल तर परत न्या." परतीच्या भाड्याला पैसे नसलेली बाई परत कुठे नेणार? आणि गंमत अशी की तोच दुकानदार गणपतीत पाड्याला वर्गणी देतो. बाई घरी येऊन सांगते, शेठ दिलदार आहे.

आता दुसरी बाजू ऐका, कारण नुसतं दुखणं सांगून काही होत नाही. त्याच गोंदिया-गडचिरोलीत, ज्या जंगलातल्या पानावर कितीतरी शेठ मोठे झाले, तिथे वेगळं काही घडलं. 2006 साली वनहक्क कायदा झाला. त्यात तेंदू, बांबू, मोह, मध, हिरडा, हे सगळं गौण वनोपज आहे आणि त्याची मालकी गावाची आहे, असं स्पष्ट लिहिलंय. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2009 साली 1,800 हेक्टरच्या आसपास जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. 2011 साली तिथल्या ग्रामसभेने स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकला. 2013 च्या हंगामापासून गोंदिया आणि गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी तेंदूचं पानही फॉरेस्टच्या लिलावात न देता स्वतः विकायला सुरुवात केली. ठराव ग्रामसभेचा, जाहिरात ग्रामसभेची, आणि व्यापारी ग्रामसभेपुढे येऊन भाव बोलणार.

यात सगळं गोड झालं असं नाही. एखाद्या वर्षी भाव चढला, एखाद्या वर्षी पडला. काही ठेकेदारांनी ग्रामसभांचे पैसे थकवले. हिशोब लिहिणारी पोरं कमी पडली. काही गावांत भांडणंही झाली. पण एक गोष्ट बदलली. व्यापारी पूर्वी फळीवर बसून बाईचं पान बाजूला काढायचा, तोच आता गावात येऊन चटईवर बसतो आणि विचारतो, "किती म्हणता?" हे कुणा दानशूर आमदाराने केलेलं नाही. गावाने स्वतःचा कागद हातात घेतला, म्हणून झालं.

आपल्याकडे हे का होत नाही? शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचाही काही भाग आहे. पेसा कायदा 1996 चा, महाराष्ट्राचे नियम 2014 चे. कागदावर आपल्याला तेच हक्क आहेत जे मेंढा-लेखाला आहेत. पण आपण अजून वैयक्तिक दाव्यातच अडकलोय. कुणाचा दावा उपविभागात, कुणाचा जिल्ह्यात, कुणाला दहा गुंठ्यांचा तुकडा मिळाला आणि बाकीची कसत असलेली जमीन राहिली. वैयक्तिक दावा सोडा असं आम्ही म्हणत नाही, तो लढलाच पाहिजे. पण सामूहिक दावा केला नाही तर जंगल फॉरेस्टचं राहील आणि माल शेठचा राहील. मग आपल्या घरात दान येत राहील आणि आपण हात जोडत राहू.

विकासकामाचंही तसंच. आमदाराने अमुक आणलं, तमुक आणलं, असं बोर्डावर लिहितात. धरणाचं उदाहरण आपल्या दारातच आहे. तानसा, वैतरणा, भातसा, सगळं पाणी आपल्या तालुक्यात अडवलं. मुंबईची तहान भागते आणि मार्चनंतर आपल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. धरण आलं हे खरं, पण पाणी कुणाच्या नावावर आलं, हा प्रश्न विचारायचा राहिला. काय आणलं यापेक्षा कुणाच्या मालकीने आणलं, हे बघायला शिकलं पाहिजे.

म्हणून येत्या निवडणुकीत कुणीही मत मागायला आला, शेठ असो, शेठचा माणूस असो की आपल्यातलाच कुणी असो, त्याला पाड्यावर बसवा, चहा द्या आणि चार गोष्टी विचारा.

एक, सामूहिक वनहक्काचे दावे तालुक्यात किती पडून आहेत, हे तुला माहीत आहे का? ते निकाली काढायला तू विधानसभेत काय बोलणार?

दोन, आमच्या ग्रामसभेने वनोपज स्वतः विकायचं ठरवलं आणि फॉरेस्टने गाडी अडवली, तर तू कुणाच्या बाजूने उभा राहशील?

तीन, वीटभट्टीवर उचल देऊन माणसं नेणारे आणि बाजारात कमी मापाने माल घेणारे, यांच्यातले किती तुझ्या प्रचाराच्या गाडीत बसलेत?

चार, तू देवळाला किती दिलेस ते सांगू नको. तुझ्या दुकानात, तुझ्या कामावर मजुरी काय देतोस ते सांग.

चौथ्या प्रश्नाला जो अडखळेल, त्याचं उत्तर मिळालं असं समजा.

आणि जो आपल्यातलाच आदिवासी म्हणून उभा राहील, त्यालाही हेच प्रश्न विचारायचे. राखीव जागा आपल्या जातीच्या माणसाला मिळते, पण त्याचा काटा कुणाच्या दुकानात टांगलेला आहे हे जात सांगत नाही. आडनाव आपलं आणि हिशोब शेठचा, असं पुष्कळ वेळा झालेलं आहे.

शेठने रात्री गाडी दिली त्याबद्दल त्याचे आभार जरूर माना, माणुसकी कुणाचीही असो, ती मानलीच पाहिजे. पण आभार तोंडाने मानायचे असतात, मताने नाही. ती गाडी शेठकडे मागायची वेळ का येते, सरकारी दवाखान्याची गाडी का येत नाही, हे विचारायला मत असतं. शेठच्या उपकाराची फेड मतदानात करायची सवय आपण सोडली, तरच शेठकडे हात पसरायची वेळ संपेल.

पाड्यापाड्यावर हे वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शाळेतल्या पोरांनी वाचून दाखवा. पटलं नाही तर तेही कळवा, पुढच्या अंकात छापू. आणि येत्या ग्रामसभेत सामूहिक दाव्याचा ठराव घ्यायला विसरू नका. वही आणा, पेन आणा, आणि ज्या जंगलात आपल्या आज्यांनी टेंबरं खाल्ली त्याच्या हद्दी आपल्या हाताने लिहून काढा.

दान शेठकडे राहू द्या. आपला दाम आपल्याला पाहिजे.

— संघटनेचे कार्यकर्ते, उंबरमाळी